बालकाचे यकृतप्रत्यारोपण आणि पैशाची जुळवाजुळव

लहान मुलाच्या अवयव-प्रत्यारोपणासाठी पैसा उभा करणाऱ्या कुटुंबाची अडचण सामान्यतः रकमेच्या भाषेत सांगितली जाते. इतके लाख लागणार आहेत, इतके जमले, इतके कमी पडतात, असा तो हिशेब असतो. रक्कम मोठी असते हे खरेच, परंतु अशा कुटुंबांना मदत करणाऱ्या योजना, निधी आणि न्यास यांची यादी लिहून काढली तर ती बरीच लांब भरते. तरीही मुले वेळेवर शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत नाहीत. याचे कारण पैशाच्या क्रमात आणि मुदतीत शोधावे लागते. आजार आपल्या गतीने पुढे सरकतो, पैसा तुकड्यातुकड्याने आणि आपल्या गतीने येतो, प्रत्येक तुकडा दुसऱ्या तुकड्याची वाट पाहतो, आणि या विलंबातच मूल अधिक आजारी होऊन शस्त्रक्रियेचा खर्च वाढत जातो. हे चक्र समजून घेण्यासाठी बालकांच्या यकृतप्रत्यारोपणाचे उदाहरण सर्वांत उपयोगी पडते, कारण येथे आजाराची मुदत जवळजवळ दिवसांत मोजता येते.

यकृतात तयार होणारे पित्त बारीक नलिकांमधून मुख्य पित्तनलिकेत येते आणि तेथून लहान आतड्यात उतरते. स्निग्ध पदार्थांचे पचन आणि अ, ड, ई व के या जीवनसत्त्वांचे शोषण या पित्तावर अवलंबून असते. काही नवजात बालकांमध्ये यकृताबाहेरच्या या नलिका जन्माच्या सुमारास किंवा पहिल्या काही आठवड्यांत सुजून, वण पडून बुजतात आणि पित्त यकृतातच साचू लागते. या विकाराला बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. तो दुर्मीळ आहे, साधारण दहा ते वीस हजार जन्मांमागे एक, आणि त्याचे प्रमाण देशागणिक बदलते. तरी जगभर लहान मुलांच्या यकृतप्रत्यारोपणाचे सर्वांत मोठे एकच कारण हाच विकार आहे. साचलेल्या पित्तामुळे यकृताच्या पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय वण येतात, यकृत कडक होते, आणि उपचार झाले नाहीत तर बहुतेक बालके दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पोहोचत नाहीत.

त्याची लक्षणे घरात दिसू शकतात, पण ती ओळखली जात नाहीत. नवजात बाळाची साधी कावीळ दोन आठवड्यांत उतरते. या बाळांची उतरत नाही, लघवीने लंगोट पिवळा पडतो आणि शौच पिवळसर न राहता पांढरट, मातकट किंवा राखेच्या रंगाची होते. बाळ सुरुवातीला दूध पीत असते, वजनही थोडेफार वाढत असते, त्यामुळे घरात कोणी कोवळ्या उन्हात धरण्याचा सल्ला देते, कोणी शेजारच्या गावात काविळीचे औषध देणाऱ्याकडे नेते, आणि या प्रकारात महिना-दोन महिने निघून जातात. हेच महिने निर्णायक असतात, कारण मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदाने १९५०च्या दशकात सुरू केलेली शस्त्रक्रिया, ज्यात आतड्याचे एक वेटोळे थेट यकृताच्या द्वाराशी जोडून पित्ताला नवी वाट करून दिली जाते, ती बाळ साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर तिच्या यशाची शक्यता अधिक असते आणि त्यानंतर ती घटत जाते. कासाई शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्यांपैकीही अनेकांना पुढे प्रत्यारोपण लागते, पण तेव्हा ते मूल मोठे, वजनदार आणि अधिक सशक्त असते. तैवानने २००४पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आईला शौचाच्या रंगांचे छापील कार्ड देण्याची पद्धत देशभर लागू केली आणि त्यामुळे निदान लवकर होऊ लागले. भारतात माता व बालकाच्या आरोग्य-नोंदीचे पुस्तक घरोघरी पोहोचतेच. त्यात रंगांची एक पट्टी छापण्याचा खर्च आणि एका प्रत्यारोपणाचा खर्च यांची तुलना केली तर पैशाचा प्रश्न रुग्णालयाच्या दारात येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, हे लक्षात येते.

प्रत्यारोपणाचा इतिहासही याच विकाराशी बांधलेला आहे. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे माणसावर यकृतप्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला, तो बिलिअरी अट्रेशिया असलेल्या तीन वर्षांच्या बालकावर होता, आणि ते बालक शस्त्रक्रियेदरम्यानच दगावले. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे १९८०च्या दशकात हाती आल्यावर ही शस्त्रक्रिया प्रयोगातून उपचारात आली. तरीही लहान बाळाला बसेल एवढे लहान यकृत मिळणे कठीणच होते. ही कोंडी १९८९च्या सुमारास फुटली, जेव्हा ऑस्ट्रेलिया, जपान आणि अमेरिका येथे जिवंत पालकाच्या यकृताचा डाव्या बाजूचा छोटा भाग काढून बाळात बसवण्यात आला. प्रौढाच्या यकृताचा साधारण पाचवा हिस्सा बाळाला पुरतो, आणि देणाऱ्याच्या शरीरात उरलेले यकृत काही आठवड्यांत पुन्हा वाढते. भारतात बालकावरील पहिले यशस्वी यकृतप्रत्यारोपण १९९८च्या नोव्हेंबरात दिल्लीत झाले. बाळ वीस महिन्यांचे होते, विकार हाच होता आणि यकृताचा भाग वडिलांचा होता. ते मूल पुढे स्वतः डॉक्टर झाले.

भारतात आजही बहुतेक यकृतप्रत्यारोपणे जिवंत दात्याकडूनच होतात, आणि याचा कुटुंबाच्या अर्थकारणावर होणारा परिणाम क्वचितच बोलला जातो. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाची व्यवस्था महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत चालते, परंतु लहान बाळाला योग्य अवयव मुदतीत मिळेल अशी खात्री नसल्याने आई किंवा वडीलच दाता होतात. म्हणजे एकाच घरातील दोन माणसे एकाच दिवशी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतात, तिसरे माणूस रुग्णालयात धावपळीसाठी लागते, आणि दाता जर घरातला कमावता असेल तर दोन-तीन महिन्यांचे उत्पन्न थांबते. केंद्र शासनाने अवयवदान करणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा देण्याचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. रोजंदारीवर काम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या पालकाला अशी रजा देणारा कोणी नसतो. म्हणून अनेक घरांत वैद्यकीय जुळणी दोघांशी होत असली तर आई दाता होते आणि वडील पैशाच्या मागे लागतात. हा निर्णय ममतेचा म्हणून सांगितला जातो. त्यात मजुरीचा हिशेबही असतो.

या दानाला कायद्याची चौकट आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ मध्ये संमत झाला आणि तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू होता ती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र ही होत. मुंबईसह देशातील मोठ्या शहरांमध्ये मूत्रपिंडांची खरेदी-विक्री उघडपणे चालत असे, त्याला आळा घालणे हा या कायद्याचा एक उद्देश होता. जवळचे नातेवाईक म्हणून आई, वडील, मुले, भावंडे आणि जोडीदार यांना मान्यता होती. २०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे यांची त्यात भर पडली. याबाहेरचा कोणी, म्हणजे मामा, आत्या किंवा कुटुंबाचा स्नेही, देऊ इच्छित असेल तर प्राधिकार समितीपुढे जावे लागते, आणि या दानामागे पैशाचा व्यवहार नाही याची ती समिती खातरजमा करते. गरीब कुटुंबाला ही तपासणी जाचक वाटते, पण ती नसती तर गरीब घरातूनच अवयव विकत घेतले गेले असते हेही तितकेच स्पष्ट आहे. अवयवाची किंमत शून्य ठेवणारा हा कायदा अवयव बसवण्याच्या किमतीबद्दल मात्र काही बोलत नाही.

ती किंमत खासगी किंवा न्यासाच्या मोठ्या रुग्णालयात साधारण पंधरा ते पंचवीस लाख रुपयांच्या घरात जाते. रुग्णालय यासाठी खर्चाचे लेखी अंदाजपत्रक देते, ज्याला सर्वजण एस्टिमेट म्हणतात, आणि पुढच्या साऱ्या धडपडीत हा कागद कुटुंबाचे ओळखपत्र बनतो. त्यात दात्याची आणि बाळाची अशा दोन शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातील ठरावीक दिवस, रक्त, औषधे आणि शल्यविशारदांचे शुल्क धरलेले असते. जे धरलेले नसते ते त्याहून महत्त्वाचे: शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, पॅकेजमधील दिवस संपल्यानंतरचा मुक्काम, गुंतागुंतीचा उपचार आणि घरी गेल्यानंतरची औषधे. बाळाची यकृताकडे जाणारी रोहिणी काडीसारखी बारीक असते, तिच्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका प्रौढांपेक्षा अधिक असतो, आणि तसे झाले तर पुन्हा शस्त्रक्रिया, क्वचित दुसरे प्रत्यारोपणही लागते. अंदाजपत्रक हा त्यामुळे खर्चाचा तळ असतो. कुटुंब त्याला कमाल मर्यादा समजून पैसा जमवते आणि तेथे पहिली फसगत होते.

घरचा पैसा सर्वांत आधी जातो. दागिने मोडले जातात किंवा तारण ठेवले जातात, भिशी आगाऊ उचलली जाते, पतसंस्थेचे कर्ज निघते, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतली जाते आणि शेवटी जमिनीच्या तुकड्याचा विषय निघतो. आरोग्यविमा असलेल्या घरांनाही धक्का बसतो, कारण अनेक कौटुंबिक पॉलिसींमध्ये नवजात बालक तीन महिन्यांचे झाल्यावरच समाविष्ट होते आणि हा विकार तर पहिल्या तीन महिन्यांतच उघड होतो.

यानंतर शासकीय दारे येतात. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी विमायोजना आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण देते. रुग्णालयातील आरोग्यमित्र तिचे काम पाहतो. मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी तिच्यात साडेचार लाखांची तरतूद आहे. यकृताचा खर्च या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असल्याने २०२५ मध्ये राज्य शासनाने पाच लाखांवरच्या महागड्या उपचारांसाठी वेगळा राखीव निधी उभारण्याचे ठरवले, आणि हृदय, यकृत यांची प्रत्यारोपणे डोळ्यांपुढे ठेवूनच हा निर्णय झाला आहे. केंद्राचा राष्ट्रीय आरोग्य निधी १९९७ पासून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या गंभीर आजारांसाठी साहाय्य देतो, परंतु त्याची अट अशी की उपचार शासकीय रुग्णालयात झाला पाहिजे. बालकांचे यकृतप्रत्यारोपण करणारी शासकीय केंद्रे देशात मोजकी आहेत. दिल्लीची यकृत व पित्तविज्ञान संस्था किंवा २००९ मध्ये यकृतप्रत्यारोपण सुरू करणारे चेन्नईचे स्टॅन्ली रुग्णालय ही त्यांतली ठळक नावे. ज्या निधीत पैसा आहे तो जेथे वापरता येतो, तेथे शस्त्रक्रियेची जागा कमी. आणि जेथे जागा आहे, तेथे तो निधी चालत नाही. यकृताचे काही चयापचयजन्य आनुवंशिक विकार दुर्मीळ आजारांच्या २०२१च्या राष्ट्रीय धोरणात बसतात आणि त्यांना ठरावीक उत्कृष्टता केंद्रांमार्फत, ज्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे, पन्नास लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. त्यामुळे त्याच वॉर्डात शेजारी असलेल्या दोन बाळांची यकृते सारखीच निकामी झालेली असली तरी रोगाच्या नावावरून एकाला पूर्ण खर्च मिळेल आणि दुसऱ्याला तुकडे गोळा करावे लागतील, अशी परिस्थिती उद्भवते.

पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्य निधी मुळात जानेवारी १९४८ मध्ये फाळणीतील निर्वासितांसाठी स्थापन झाला. आज तो हृदयशस्त्रक्रिया, मूत्रपिंड-प्रत्यारोपण, कर्करोग यांसारख्या उपचारांच्या खर्चाचा काही भाग उचलतो. राज्यात मुख्यमंत्री साहाय्यता निधीचा वैद्यकीय कक्ष आहे, मुंबईचा सिद्धिविनायक न्यास आहे, टाटा न्यास आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान न्यास आणि गणेशोत्सव मंडळे आहेत. महाराष्ट्राची एक खास व्यवस्था मात्र अधिक ठळकपणे सांगितली पाहिजे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०च्या कलम ४१ अअ नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असलेला रुग्ण निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतचा दुर्बल मानला जातो. या निधीचे गणित असे की रुग्णालय जितके महागडे, तितकी दोन टक्क्यांची रक्कम मोठी. तरी एकाच प्रत्यारोपणात त्या महिन्याचा बराचसा निधी संपू शकतो, म्हणून व्यवस्थापन या शस्त्रक्रियांबाबत हात आखडता घेते. आणि साडेतीन-चार लाख कमावणारा शाळेचा शिपाई, ट्रकचालक किंवा छोटा दुकानदार तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर या रेषेच्या किंचित वर आला की त्याच्यासाठी धर्मादाय रुग्णालयांची ही दारे एकाच वेळी मिटतात. पंचवीस लाखांच्या खर्चापुढे दोन लाखांचे उत्पन्न आणि पाच लाखांचे उत्पन्न यांत व्यवहारात काहीच फरक नसतो, कागदावर मात्र तो सर्वस्व असतो.

आता क्रमाचा प्रश्न येतो. जवळजवळ प्रत्येक निधी आपला धनादेश थेट रुग्णालयाच्या नावे काढतो, झालेल्या खर्चाची भरपाई सहसा करत नाही, आणि इतरांकडून किती मिळाले हे विचारून उरलेल्या रकमेचाच विचार करतो. रुग्णालय अनामत रक्कम जमा झाल्याखेरीज शस्त्रक्रियेची तारीख देत नाही. न्यास तारीख कळल्याखेरीज मंजुरी देण्यास कचरतो. अंदाजपत्रकाची मुदत संपली की ते पुन्हा नव्या तारखेचे आणावे लागते आणि नव्या कागदावरचा आकडा पूर्वीचाच असेल असे नसते. शिधापत्रिका, दाखले, बाळाचे आधार, दोघांच्या तपासण्यांचे अहवाल यांच्या दहा-बारा प्रतींची फाइल घेऊन एक माणूस महिनाभर मुंबई-पुण्यात फिरतो. या गुंत्यातून वाट काढणारी व्यक्ती बहुधा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक असते, जिला कोणत्या न्यासाची बैठक कोणत्या आठवड्यात असते, कोण आधी देतो आणि कोण सर्वांत शेवटी उरलेली तूट भरून काढतो हे तोंडपाठ असते. शल्यविशारदाचे नाव वर्तमानपत्रात येते. अनेक मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रिया घडण्याला या अनाम कर्मचाऱ्याचे क्रमाचे ज्ञान तितकेच कारण असते.

वाट पाहण्याची किंमत बाळाच्या शरीरातून वसूल होते. पित्त आतड्यात उतरत नसल्याने खाल्लेले अंगी लागत नाही, पोटात पाणी साठून पोट फुगते आणि हातापायांच्या काड्या होतात. मध्यम साखळीच्या स्निग्धांशांचे, म्हणजे पित्ताविना पचणाऱ्या तेलांचे खास दूध नाकातील नळीने द्यावे लागते आणि तेही महाग असते. अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटून रक्ताची उलटी झाली, किंवा पोटातील पाण्यात जंतुसंसर्ग झाला, की बाळ अतिदक्षता विभागात जाते आणि प्रत्यारोपणासाठी साठवलेले दोन-तीन लाख त्या आठवड्यात संपतात. प्रत्येक असा प्रसंग रक्कम कमी करतो, बाळाला अशक्त करतो, शस्त्रक्रियेचा धोका व त्यानंतरचा मुक्काम वाढवतो आणि अंदाजपत्रकाचा आकडा वर नेतो. सहा महिन्यांच्या वयात पुरला असता तो पैसा दहाव्या महिन्यात पुरत नाही. ज्या अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेनंतर वर्षभर जगणाऱ्या मुलांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, तेथेही फार उशिरा आलेल्या बाळाबाबत तो आकडा लागू पडत नाही.

या घाईवर गेल्या दशकात मिळालेला उपाय म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणी. मिलाप २०१०मध्ये, केटो २०१२मध्ये आणि इम्पॅक्टगुरू २०१४मध्ये सुरू झाले, आणि आज मोठ्या रुग्णालयांच्या प्रतीक्षाकक्षांत या मंचांची नावे कुटुंबांना ठाऊक असतात. फोटो, आजाराचे वर्णन, अंदाजपत्रक आणि डॉक्टरांचे पत्र मांडले की शेकडो अनोळखी लोक पाचशे-हजार रुपये देतात आणि काही आठवड्यांत मोठी रक्कम उभी राहू शकते. कोणताही शासकीय निधी या वेगाशी स्पर्धा करू शकत नाही आणि उत्पन्नाच्या रेषेची अटही येथे नसते. परंतु हा पैसा गरजेच्या मागे न जाता चेहऱ्याच्या आणि गोष्टीच्या मागे जातो. ज्या कुटुंबाचे नातेवाईक पुण्या-मुंबईत किंवा परदेशात नोकरीला आहेत, ज्यांच्या व्हॉट्सॲप गटांत पगारदार माणसे आहेत, त्यांचे आवाहन दूर जाते. ज्यांच्या संपर्कयादीतील प्रत्येक जण स्वतःच उसनवारीत आहे, त्यांचे आवाहन पहिल्या वर्तुळातच विरते. २०२१ मध्ये मुंबईतील एका बालिकेच्या स्नायूंच्या आनुवंशिक आजारासाठी सोळा कोटी रुपयांचे जनुकीय औषध मागवण्याइतका पैसा लोकवर्गणीतून उभा राहिला आणि त्यावरील करही माफ झाले. त्याच आजाराच्या इतर मुलांसाठी तशीच आवाहने निघाली आणि त्यांतली बरीच अपुरी राहिली. रुग्ण मुलाचा नाकात नळ्या असलेला चेहरा आयुष्यभर इंटरनेटवर राहतो, हाही या व्यवहाराचा एक भाग आहे, आणि त्याला संमती देण्याच्या वयाचे ते मूल नसते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९६८ मध्येच हा विरोधाभास मांडला होता. एका ठरावीक आजारी मुलीसाठी लोक पाकिटे भरभरून पैसे पाठवतील, पण रुग्णालयांसाठीचा कर रद्द झाल्याने ज्यांची नावे कधीच कळणार नाहीत अशी काही माणसे मरतील असे सांगितले, तर कोणी खिशात हात घालणार नाही, अशा आशयाचे ते निरीक्षण होते. नावाचा जीव आणि आकड्यातला जीव यांतला हा भेद अमेरिकेच्याच ऑरेगन राज्यात पुढे अतिशय क्रूर स्पष्टतेने समोर आला.

ऑरेगनच्या विधिमंडळाने १९८७ मध्ये गरिबांसाठीच्या मेडिकेड या शासकीय आरोग्ययोजनेतून बहुतेक अवयव-प्रत्यारोपणांचा खर्च देणे बंद केले. पुढील दोन वर्षांत सुमारे तीस जणांना प्रत्यारोपण लागेल असा अंदाज होता, आणि तेवढ्याच पैशात सुमारे पंधराशे गरीब गर्भवती स्त्रियांची प्रसूतिपूर्व तपासणी करता येईल असा हिशेब मांडला गेला. तर्क म्हणून त्यात चूक काढणे सोपे नव्हते. काही महिन्यांतच रक्ताचा कर्करोग झालेल्या सात वर्षांच्या एका मुलाला अस्थिमज्जा-प्रत्यारोपणाची गरज पडली आणि राज्याने नकार दिला. रुग्णालयाला हवी असलेली अनामत सुमारे एक लाख डॉलरची होती. कुटुंबाने आणि शेजाऱ्यांनी वर्गणी सुरू केली, दूरचित्रवाणीवर बातम्या आल्या, मोठी रक्कम जमली, आणि ती पूर्ण होण्यापूर्वीच १९८७च्या डिसेंबरात ते मूल गेले. निधी पुन्हा सुरू करावा अशी मागणी जोरात झाली, पण पेशाने डॉक्टर असलेले राज्य सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहाबर यांनी विरोध केला. ज्या मुलाचा चेहरा दिसतो त्याच्यासाठी नियम मोडला तर ज्यांचे चेहरे दिसत नाहीत त्यांच्या ताटातले काढून घ्यावे लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता.

या वादातून १९८९ मध्ये ऑरेगनने सर्व उपचारांची अग्रक्रम-यादी करण्याचे ठरवले: प्रत्येक आजार-उपचाराच्या जोडीला क्रमांक द्यायचा, अंदाजपत्रकातील पैसा जेथपर्यंत पुरेल तेथे रेघ ओढायची आणि रेघेवरचे सर्व काही सर्व गरिबांना द्यायचे. पहिल्या मसुद्यात दातावर टोपी बसवणे हे आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेच्या वर आल्याने हसे झाले आणि यादी पुन्हा केली गेली. १९९४ मध्ये ती अमलात आली तेव्हा तिच्यात अनेक प्रत्यारोपणे रेघेच्या वर होती. किट्झहाबर यांच्या भूमिकेवर आजही दोन मते आहेत. त्यांनी मांडलेला प्रश्न खरा होता, पण पंधराशे माता विरुद्ध तीस रुग्ण ही मांडणी गरिबांच्याच ताटातली दोन घासांची वाटणी होती आणि इतरांच्या ताटाकडे तिने पाहिलेच नव्हते, हा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. ऑरेगनच्या निर्णयाच्या थोडे आधी इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन गावाने एका बालकाच्या यकृतासाठी एक लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली होती. प्रत्यारोपणापूर्वीच ते मूल वारले आणि त्या पैशातून १९८६ मध्ये मुलांच्या प्रत्यारोपणासाठी निधी उभारण्यास कुटुंबांना शिकवणारी संस्था निघाली. एका मुलासाठी जमलेला पैसा दुसऱ्या मुलांकडे वळवण्याची सोय तेथे झाली; भारतात मूल दगावल्यावर उरलेल्या वर्गणीचे काय करायचे हा प्रश्न बहुधा दुःखातल्या कुटुंबावर सोडला जातो.

शस्त्रक्रिया पार पडली की दात्यांच्या लेखी काम संपते आणि आवाहन बंद होते. कुटुंबाचा दुसरा खर्च तेथे सुरू होतो. बाळाला पहिले दोन-तीन महिने रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असल्याने धर्मशाळेच्या सामायिक दालनात, जेथे रात्री पन्नास माणसे खोकतात, त्याला ठेवता येत नाही. मुंबईत परळ किंवा दादरच्या आसपास स्वतंत्र स्वच्छतागृह असलेली खोली भाड्याने घ्यावी लागते, जिची तरतूद कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. सुरुवातीला आठवड्यातून एक-दोनदा रक्ततपासणी होते, विषाणुसंसर्ग आढळला तर महागडी औषधे काही महिने चालतात. गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर सहसा देता येत नाहीत, म्हणून त्या आधी उरकाव्या लागतात, आणि घाईत शस्त्रक्रिया झालेल्या बाळाचे हे राहून गेले तर साधी साथही धोक्याची ठरते.

टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध मात्र जन्मभराचे आहे. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वजनाप्रमाणे बदलत्या मात्रेत ते घ्यावे लागते आणि रक्तातील त्याची पातळी ठरावीक मर्यादेत राहावी लागते. कमी झाली तर शरीर यकृत नाकारते, जास्त झाली तर मूत्रपिंडे बिघडतात. तालुक्याच्या ठिकाणी ते मिळेलच असे नाही, आणि दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे दिले तर पातळी पुन्हा तपासावी लागते. राष्ट्रीय अवयव-प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या अशा औषधांसाठी मासिक साहाय्याची तरतूद आहे, पण येथेही तीच रेषा आड येते. महिन्याचे काही हजार रुपये पंचवीस लाखांपुढे क्षुल्लक वाटतात. मात्र जमीन गहाण पडलेल्या आणि कर्जाचे हप्ते सुरू असलेल्या घरात तेच सर्वांत जड जातात, कारण त्यांच्यासाठी कोणी वर्गणी देत नाही. काही अनुभवी समाजसेवा अधीक्षक म्हणूनच जमलेल्या रकमेतील पहिल्या दोन वर्षांच्या औषधांचा वाटा शस्त्रक्रियेपूर्वीच बाजूला काढून ठेवायला लावतात, आणि एखाद्या न्यासाला शस्त्रक्रियेऐवजी औषधविक्रेत्याचे मासिक बिल थेट फेडण्याची गळ घालतात. देणाऱ्यांना हे फारसे रुचत नाही, कारण औषधाच्या बिलावर कोणाचा जीव वाचवला असे लिहिता येत नाही.

मुले शाळेत जाऊ लागतात, उंची वाढते, मात्रा वाढते आणि तिच्याबरोबर बिलही. बालकांसाठीचे बहुतेक कार्यक्रम, २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम धरून, अठराव्या वर्षापाशी थांबतात, आणि त्याच वयात औषध चुकवण्याचे प्रमाण सर्वत्र वाढते असे प्रत्यारोपण-वैद्यकाला ठाऊक आहे. तरुण मुलगा कंटाळून गोळी टाळतो, तसाच घरचा ताण पाहून एक दिवसाआड घेऊन पाकीट पुरवतोही. रक्ताच्या अहवालात दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे पातळी घसरलेली आढळली की काही केंद्रांतील समुपदेशक बेजबाबदारपणाबद्दल बोलण्यापूर्वी गेल्या महिन्याच्या औषधाची पावती मागतात.